शपथांचं कंपाउंड

आत्यांना लाउडस्पीकरशी भांडायची सवय होती. प्रचाराची रिक्षा वळणावर आली की त्या ओट्यावरच्या खुर्चीतून उठायच्या नाहीत, फक्त मान वर करायच्या. रिक्षा म्हणायची, "आपल्या हक्काचा माणूस!" आत्या म्हणायच्या, "कुनाच्या हक्काचा? सातबारा दाव." रिक्षा म्हणायची, "एकच ध्यास, गावाचा विकास!" आत्या म्हणायच्या, "आदी नळाला पानी सोड, मग ध्यास घे." रिक्षा अर्थातच थांबायची नाही. ती पिरंगुटच्या दिशेने निघून गेली की आत्या माझ्याकडे वळून म्हणायच्या, "गेला बग पळून. उत्तर न्हाई त्येच्याकडं."

त्यांची शेळी होती, तिला त्यांनी टेलरचाचांकडून एका जुन्या फ्लेक्सची झूल शिवून घेतली होती. पावसाळाभर एक माजी सरपंच हात जोडून शेळीच्या पाठीवर बसून गावभर फिरायचे. सरपंचांनी एकदा तक्रार केली. आत्या म्हणाल्या, "तुमी घरोघर फिरत न्हाई, ती फिरतीया. फायदाच हाय तुमचा."

त्या सगळ्या गावाच्या आत्या असल्या तरी नात्याने आमच्या घरमालकांच्या होत्या. लग्नानंतर वर्षभरात त्या माहेरी परत आल्या, त्या का आल्या हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. भावाने रस्त्याकडेची कोपऱ्याची खोली दिली. भाऊ गेला, शेत गेलं, शेतावर तीन मजली इमारत झाली, खोल्या भाड्याने लागल्या. कोपऱ्याची खोली आत्यांचीच राहिली. आम्ही त्यांच्या शेजारच्या दोन खोल्यांत राहायचो. बाबा उरवड्याच्या एका कारखान्यात होते.

गाव मुळशीच्या तोंडाशीच. मी शाळेत जायचे तेव्हा ते गाव होतं. माझं कॉलेज संपेपर्यंत ते कागदावर शहर झालं. म्हणजे घरपट्टी शहराची आणि पाणी टँकरचं.

आत्यांच्या खोलीसमोर, रस्त्याच्या पलीकडे, खंडोबाचं छोटं देऊळ होतं. देवळाची झाडलोट आत्यांकडे. देवळाभोवती दगडी कंपाउंड होतं, आणि लहानपणी मला वाटायचं की ते बांधणारा गवंडी वेडा असणार. एका बाजूला भिंत गुडघ्याएवढी, दुसऱ्या बाजूला कमरेएवढी. दोन दगड सारखे नाहीत. शेतातले काळे धोंडे, मधेच भाजकी वीट, फुटपाथच्या कडेचा तुकडा, अर्धी फरशी, एके ठिकाणी चक्क जनावरं बांधायच्या खुंट्याचा दगड. चुना नाही, सिमेंट नाही, नुसतं एकावर एक.

ती भिंत कुणा गवंड्याची नव्हती, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. ती मतदारांनी बांधली होती.

निवडणुकीत बेल-भंडारा उचलायची पद्धत आमच्याकडे जुनी आहे. उमेदवाराची माणसं मतदारांना देवळात आणायची. मतदाराने तळहातावर बेलाचं पान आणि चिमूटभर हळद, म्हणजे भंडारा, घ्यायचा आणि देवासमोर म्हणायचं, माझं मत अमक्यालाच. सकाळी एका उमेदवाराची माणसं यायची, संध्याकाळी दुसऱ्याची. मतदार बहुतेक तेच असायचे. कुणाला नाही म्हणायचं हा आमच्याकडे शिष्टाचारच नाही.

आत्यांनी या सगळ्याला एक नियम लावला होता. "खोटं बोलाय बंदी न्हाई," त्या म्हणायच्या, "पन फुकाट सुटका न्हाई." शपथ मोडली तर मतदानानंतर एक दगड आणायचा. दोन्ही हातांनी उचलावा लागेल एवढा. स्वतः आणायचा, स्वतः भिंतीवर ठेवायचा. कुणी विचारायचं नाही, कुणी बघायचं नाही. दगड बसला की शपथ सुटली. मात्र तो दगड कुणी परत काढला, तर शपथ पुन्हा ज्याची त्याच्या अंगावर.

असलं काही आपण मानत नाही, असं गावातला प्रत्येक माणूस मला म्हणाला आहे. भिंत मात्र दर निवडणुकीला वाढायची. ज्या वर्षी दोन चुलतभाऊ एकमेकांविरुद्ध उभे राहिले, त्या वर्षी पूर्वेची बाजू वीतभर वर गेली. पडलेले उमेदवार निकालानंतर देवदर्शनाला म्हणून यायचे आणि भिंतीकडे बघत ओठ हलवायचे. निकाल मतमोजणीच्या हॉलमध्ये लागायचा, पण का लागला ते इथे कळायचं.

मला त्यांनी या कामावर ठेवलं ते माझ्या एकाच गुणामुळे. मी फारसं बोलत नाही. शाळा इंग्रजी माध्यमाची, घर भाड्याच्या खोल्यांचं, त्यामुळे शाळेत माझ्या मराठीला हसायचे आणि गल्लीत इंग्रजीला. मी दोन्हीकडे गप्प राहायला शिकले. आत्या मला नावाने हाक मारत नसत. "ए इंग्लिस," म्हणायच्या. एकदा त्यांनी मला ओट्यावर बसवलं आणि सरळच सांगितलं, "माझी बोटं आखडल्यात. ताट धरवत न्हाई. तू धर."

"मीच का?"

"तुझ्या आईला ठिवलं तर सांजच्याला गावाला कळंल कोन आला, कोन गेला. तू मुकी हायस. देवाला असंच मानूस लागतं."

त्या वर्षी मला हिंजवडीत नोकरी लागली होती. आठवड्यातले तीन दिवस घरून काम. संध्याकाळी गळ्यात हेडफोन तसेच ठेवून मी बेल-भंडाऱ्याचं ताट धरून देवळात उभी राहायचे. गाव शहरात गेल्यावरची ती पहिली निवडणूक. यंत्रावर चार बटणं दाबायची होती, कारण प्रभागातून चार जण निवडून जाणार होते. पण गावाला त्यातल्या एकाच बटणाची पडली होती. त्या एका जागेसाठी एका बाजूला शेळीवाले माजी सरपंच होते आणि दुसऱ्या बाजूला आमचे घरमालक.

घरमालकांना आम्ही भाऊ म्हणायचो, कारण फ्लेक्सवर तसं लिहिलेलं असायचं. पाच वर्षं ते प्रत्येकाच्या वाढदिवसाला फ्लेक्स लावत होते. माझ्या बारावीच्या निकालाचाही लावला होता. त्यात माझा फोटो अंगठ्याएवढा होता आणि भाऊंचा दरवाजाएवढा. माणूस वाईट नव्हता. कुणाच्या घरी मयत झाली तर तिरडीच्या सामानापासून सगळं बघायचा. पण समोरचा आपलाच आहे अशी एकदा खात्री पटली, की भाऊ त्याला विसरून जायचे. आमच्या रांगेतले सगळे नळ दोन वर्षं गळत होते. भाडेकरू कुठे जातात?

पहिल्याच आठवड्यात भाऊंनी मोठ्या टॉवरच्या सोसायटीची कमिटी आणली. तिथले सेक्रेटरी आत येताना विचारत होते, "इज धिस मॅन्डेटरी?" आत्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "ते विचारतायत, हे करायलाच लागतं का."

"न्हाई म्हनावं. खोटं बोलायचं असंल तरच."

हे भाषांतर मी केलं नाही. कमिटीने शपथ घेतली, प्रसाद समजून भंडारा कपाळाला लावला, शेळीबरोबर फोटो काढले आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकले. शेळीच्या पाठीवर विरोधी उमेदवार आहे, हे भाऊंच्या लक्षात आलं तोवर फोटो पुढे गेले होते.

टेलरचाचा एकटेच आले, सरपंचांच्या माणसांबरोबर. बाजारात त्यांचं तीन पिढ्यांचं दुकान. दाराशी चप्पल काढून ते थबकले. "आत्या, माजा हात तुमच्या भंडाऱ्याला चालंल का?"

"दगड आनायची ताकद हाय का हातात?"

"हाय की."

"मग चालतुया. ये."

चाचा हसले. हळद हातावर घेऊन म्हणाले, "सकाळी भाऊच्या पोरांनी दुकानात कुराणावर हात ठिवाय लावला, आत्या. आता हितं ह्यो. म्या मत द्यायचं तरी कुनाला?"

"ते देव न्हाई इचारत. देव इचारतो दगड कंदी आनतुयास."

तेवढ्यात कुणीतरी तक्रार केली आणि भरारी पथकाची गाडी आली. एक साहेब उतरले, मागे व्हिडिओ घेणारा. "इथे मतदारांना शपथा दिल्या जातात अशी माहिती आहे."

"दिती की," आत्या म्हणाल्या. "तुमी घेताय?"

साहेब गोंधळले. त्यांनी सगळीकडे नजर फिरवली आणि भिंतीपाशी थांबले. "हे काय बांधकाम आहे?"

"कंपाउंड हाय. गावानं श्रमदानातनं केलंय."

साहेबांनी व्हिडिओवाल्याला भिंतीचा फोटो घ्यायला सांगितलं. लोकसहभागाचं चांगलं उदाहरण आहे, म्हणाले, आणि चहा न घेता गेले. शपथा त्या संध्याकाळी बंद राहिल्या, दुसऱ्या दिवसापासून सुरू.

या सगळ्यात आत्यांनी स्वतः कधीही बेल-भंडारा उचलला नव्हता. पन्नासेक वर्षांत नाही. कुणी आग्रह केला तर म्हणायच्या, "वजन करनारा काट्यात बसत न्हाई." तोवर ते सगळ्यांना पटत आलं होतं. त्या वर्षी भाऊंना पटेना, कारण सरपंचांच्या माणसांनी बाजारात बोलायला सुरुवात केली होती: ज्याची सख्खी आत्या त्याच्या नावानं भंडारा उचलत न्हाई, त्याला गावानं का उचलावं?

प्रचाराच्या शेवटच्या आठवड्यात भाऊ एकटेच आले. मी ओट्याच्या टोकाला लॅपटॉप घेऊन बसले होते. भाऊंनी मला पाहिलं आणि नसल्यासारखं केलं. भाडेकरूंच्या मुलींकडे ते तसंच बघायचे.

"आत्या, उद्या सांजच्याला सगळ्यांसमोर तू भंडारा उचल. एकदाच."

"वजन करनारा—"

"ते राहू दे. माझी इज्जत चाललीय बाजारात."

भाऊ खुर्चीच्या हातावर बोटं वाजवत राहिले. मग त्यांनी खोलीकडे पाहिलं. "आनि निवडून आलो की ही कोपऱ्याची खोली लागंल मला. जनसंपर्क कार्यालय. रस्त्यावर हाय, लोकांना बरं पडतंय."

"आनि म्या?"

"तुला तिसऱ्या मजल्यावर दितो की. तितं ऊन न्हाई, धूळ न्हाई."

"शेळी?"

"आत्या, शेळीचं काय आता."

"देऊळ?"

"गॅलरीतनं दिसतं."

आत्यांनी पायांकडे पाहिलं. त्या पायांनी त्या तीन पायऱ्यांचा ओटाही धरून धरून उतरायच्या. तिसऱ्या मजल्यावर चढवल्या असत्या तर त्या पुन्हा खाली आल्या नसत्या. हे भाऊंना समजत नव्हतं असं नाही. पण त्यांच्या हिशेबात आत्या आपलीच होती, आणि आपल्या माणसाचं काय, ते कुठेही राहतं.

"आनि न्हाई उचलला तर?" आत्यांनी विचारलं.

"मग पडंन मी. पडल्यावर बिल्डिंग इकावीच लागंल, लई खर्च झालाय. मग तर सगळ्यांनाच उठावं लागंल." त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "ह्यांनासुदीक."

म्हणजे जिंकले तर आत्यांची खोली जाणार आणि हरले तर सगळ्यांच्या. मी कीबोर्डवर उगाच काहीतरी टाइप करत राहिले. आत्यांनी भिंतीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "आन बेल. उचलती."

दुसऱ्या दिवशी देवळासमोर उभं राहायला जागा नव्हती. भाऊंनी फटाके आणले होते. शेजारपाजारच्या सगळ्या भाडेकरूंनाही बोलावलं होतं; आई, बाबा, मी, तिघांनीही आधी शपथ घेतली. घरमालकाने बोलावल्यावर घ्यायची असते. माझ्या हातावर भंडारा टाकताना आत्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मग मी खाली ठेवलेलं ताट उचललं आणि त्यांनी स्वतःचा तळहात पुढे केला. बोटं पूर्ण उघडत नव्हती. मी चिमूटभर हळद टाकली. त्या मोठ्याने बोलल्या, शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल असं: "माझं मत माझ्या भाच्याला. खंडोबाची आन."

फटाके वाजले. शेळी दावं तोडून पळाली. मला तेव्हा आत्यांचा राग आला होता, तो कुणाला दिसला नसेल. एवढी वर्षं जो नियम धरला तो एका खोलीसाठी सोडला, आणि ती खोलीही मिळणार नव्हतीच.

मी कुणाला मत दिलं ते इथे सांगणार नाही. दोन दिवसांनी ऑफिसच्या मागच्या गेटपाशी ग्रॅनाइट बदलण्याचं काम चालू होतं. तिथून मी एक तुकडा उचलला, यावरून काय ते समजा. करडा, लांबट, एका बाजूने पॉलिश केलेला. लॅपटॉपच्या बॅगेत घातला. बाहेर पडताना सिक्युरिटीवाल्याने बॅग तपासली.

"मॅडम, ये क्या है?"

"पत्थर."

"किसलिए?"

"घर के लिए," मी म्हटलं. त्याने बराच विचार केला आणि जाऊ दिलं. कंपनीतून दगड नेऊ नये असा नियम बहुधा कुणी केला नव्हता.

कॅबमध्ये तो तुकडा मांडीवर घेऊन मी तासभर ट्रॅफिकमध्ये बसले. घरी येऊन भिंतीच्या उत्तरेकडच्या कोपऱ्यात ठेवला, आजूबाजूला न बघता. टेलरचाचांचा दगड तिथे आधीच बसला होता. कोनाला कोन जुळवून, कापड बेतल्यासारखा नेमका. शेजारी वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक पेव्हर ब्लॉक होता. कागद सोडायलाही तो माणूस थांबला नव्हता. बाबांनी दगड आणला की नाही, मला माहीत नाही. बघायचं नाही असाच नियम.

निकालाच्या दिवशी भाऊ निवडून आले. सरपंचांना फार मागे टाकून नाही, पण आले. मिरवणूक थेट देवळात आली, डीजे, गुलाल, जेसीबीवरून फुलं. भाऊंचं तोंड गुलालाने ओळखू येत नव्हतं. ते पायरी चढले आणि थांबले.

दाराच्या अगदी समोर, भिंतीच्या सगळ्यात वरच्या थरावर, एक वरवंटा आडवा ठेवलेला होता. घरंगळू नये म्हणून दोन्ही बाजूंना खडे लावलेले. काळाभोर, मधे हाताने झिजून बारीक झालेला. गावात पाटे-वरवंटे खूप असतील, पण एका टोकाला कपचा उडालेला तो वरवंटा भाऊंच्या आजीचा होता. लहानपणी ते त्याच्यावरचा ठेचा बोटाने पुसून खायचे, हे त्यांनी स्वतः प्रत्येक भाषणात सांगितलं होतं. तेव्हा तो कुणाचा आहे, हे आता सगळ्या प्रभागाला माहीत होतं.

डीजेवाल्याला कुणीतरी खूण केली. आवाज बंद झाला. आत्या ओट्यावरून खुर्चीतून बघत होत्या.

भाऊ रस्ता ओलांडून आले. गर्दीही मागोमाग. "आत्या," ते हळूच म्हणाले, "आपला वरवंटा... तितं कसा?"

"मिक्सर घेतलाय," आत्या म्हणाल्या. "ह्या इंग्लिसच्या आईचा जुना. वरवंटा उचलत न्हाई आता मला."

कुणीतरी खोकलं. टेलरचाचा दुसरीकडे बघू लागले. भाऊंचा चेहरा गुलालाखाली कसा झाला असेल ते दिसलं नाही, पण हात मात्र मुठीत गेले. आता ते रागावले असते तर वरवंट्याचा अर्थ आपल्याला कळला हे कबूल करावं लागलं असतं. म्हणजे सख्ख्या आत्याने देवाची शपथ घेऊनही आपल्याला मत दिलं नाही, हे जिंकलेल्या दिवशी, अख्ख्या मिरवणुकीसमोर. भाऊ हुशार होते. ते वाकले, आत्यांच्या पायांना हात लावला आणि मोठ्याने हसले. "मिक्सर? जुना कशाला वापरतीस, मी नवा दितो!"

डीजे पुन्हा सुरू झाला.

नवा मिक्सर दुसऱ्या दिवशी आला. त्यानंतर जे सुरू झालं ते मी शेजारून पाहिलं. ओट्यावर पत्रा आला. दारात एलईडीचा दिवा आला. दिवाळीला साडी, भाऊबीजेला स्वतः भाऊ. दोन वर्षं गळणारा नळ एका सकाळी दुरुस्त झाला, फक्त आत्यांच्या दारापुढचा. कार्यालय मात्र कोपऱ्याच्या खोलीत आलं नाही. पलीकडच्या गाळ्यात झालं. आत्यांना तिसऱ्या मजल्यावर हलवलं असतं तर गावाने म्हटलं असतं, मत दिलं न्हाई म्हनून काडली. भाऊ रोज सकाळी कार्यालयात जाताना आत्यांसमोर थांबायचे, "काय लागतंय का?" विचारायचे आणि वरवंट्याकडे न बघता पुढे जायचे. न बघायला त्यांना फार कष्ट पडायचे.

पुढे आम्ही तिथून निघालो. बाबांनी बसने दोन-चार स्टॉपवर, त्याच प्रभागात, एका नव्या इमारतीत फ्लॅट घेतला. आमच्या सोसायटीपुढच्या रस्त्यावर अजून दिवे नाहीत. परवा एका रविवारी आई म्हणाली, आत्यांना भेटून ये, आणि भाऊ दिसले तर दिव्यांचं सांग. मी बसमध्ये ते वाक्य तीनदा मनात म्हणून बघितलं.

आत्या ओट्यावर बसल्या होत्या. पुढ्यात पाटा. त्या लसूण आणि मिरची वाटत होत्या, आणि हातात होता तो करडा, लांबट, एका बाजूने पॉलिश केलेला ग्रॅनाइटचा तुकडा.

"ये, इंग्लिस. लई ग्वाड दगड तुझा. एका अंगानं गुळगुळीत, वरवंट्यापरीस हलका, आखडल्या बोटांना बरा."

"आत्या, पण दगड काढला तर शपथ परत अंगावर येते ना?"

"येतीया की."

"मग माझाच का काढला?"

"भिंतीत एक जास्तीचा झाला हुता. माझा. एक ठिवला, एक काडला. गिनती बराबर पायजे देवाची."

जास्तीचा. मला जरा वेळ लागला. मिरचीचा ठसका नाकात जाईपर्यंत मी तिथेच उभी होते. "म्हणजे तुम्ही मत..."

"भाऊलाच दिलं. भाचा हाय माझा. खंडोबासमोर बोलली, खोटं कशापायी करू? वजन करनारानं तरी काटा मारू नये."

"मग त्यांना सांगत का नाही? पाच वर्षं त्यांना झोप नाही."

आत्यांनी हातातला दगड थांबवला आणि नळाकडे पाहिलं. नळ अजिबात गळत नव्हता. "सांगितलं तर नळ बंद हुईल. पक्क्या मानसाला कोन पानी देतंय?"

तेवढ्यात भाऊंची गाडी थांबली. ते आले, सवयीने वरवंट्याकडे बघायचं टाळलं, आत्यांच्या पाया पडले. "काय लागतंय का, आत्या?"

"काय नको, बाबा. ठेचा खा." त्यांनी भाकरीचा तुकडा पुढे केला. भाऊंनी उभ्यानेच खाल्लं आणि डोळे मिटले. "आज्जीची चव," म्हणाले. मग मला पाहिलं, आणि या वेळी खरंच पाहिलं. "अरे, मॅडम! कुठं असता? मत अजून आपल्याच प्रभागात ना? काही काम? सांगा, लगेच करू."

मी तोंड उघडलं. बसमधलं वाक्य अगदी जिभेवर होतं.

"तिचं मत?" आत्या माझा दगड पाट्यावर फिरवत म्हणाल्या. "तिचं पक्कं हाय तुला. तिची शपथ हाय माझ्या हातात."

"पक्कं ना? मग झालं," भाऊ म्हणाले. हात पुसले, आत्यांना पुन्हा नमस्कार केला आणि गाडीत बसले. जाताना त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही.

आत्यांनी ठेचा पाट्याच्या कडेला गोळा केला.

"बगितलंस?" म्हणाल्या.